खालची बाजू

“आणि काकू, तुमची बाजू कोणती?” गाद्यांच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं आणि पेन कागदावर टेकवून ती थांबली. प्रश्न साधा होता. तिच्या कागदावर तसे रकानेच होते: वजन, उंची, पलंगाची बाजू, झोपायची कूस. ह्यांचं सगळं भरून झालं होतं. आमचे हे समोरच्या पलंगावर, तिनं पायथ्याशी घातलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर टाचा ठेवून, छताकडे बघत पडले होते. दोन महिन्यांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून कुठेही आडवं व्हायचं म्हणजे त्यांना आधी मनाची तयारी करावी लागते. “म्हणजे भिंतीकडं कोण झोपतं आणि दाराकडं कोण?” मुलीनं सोपं करून विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ओठांपर्यंत आलेला शब्द बाहेर पडला असता तर मीच दचकले असते. मी म्हणणार होते, खालची.

चोवीस वर्षं मी आमच्या पलंगाशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपते. पलंगाची वरची बाजू मी रोज झटकते, चादर घालते, कोपरे दुमडते. पण ओळख म्हणाल तर माझी ओळख त्याच्या खालच्या बाजूशी आहे. कुशीवर वळलं की डोळ्यांसमोर तीच. सहा आडव्या फळ्या, त्यांतली तिसरी कडेला चिरलेली, आणि पाचवीवर सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेला चौदाचा आकडा. कशाचे चौदा ते त्या सुतारालाच ठाऊक. मला तो आकडा इतका सवयीचा झालाय की मनातल्या मनात जप करताना मी चौदाला एकदा थांबते. आणि फळ्या बोलतात. तिसरी करकरली की हे डावीकडे वळले. पहिली आणि दुसरी मिळून कुरकुरल्या की उशी सारखी करताहेत. काहीच वाजलं नाही की जागे आहेत, छताकडे बघताहेत. माणूस झोपेत हलतो, जागेपणीच इतका निश्चल पडतो, हे मी त्या पलंगाखालून शिकले. बरोबरीनं झोपणाऱ्या बायकांना नवरा इतका कळत असेल का, असं पूर्वी मला कधीमधी वाटायचं. त्यात थोडा अहंकारही असावा. देवाचं करणाऱ्या माणसाला अहंकार कुठल्या फटीतून शिरतो ते कळत नाही.

“हिचं राहू द्या,” पलंगावरून हे म्हणाले. “हिला गादी चालत नाही. पाठ दुखते. तुम्ही मला एक सिंगल द्या, झालं.” किती सहज म्हणाले. जसं कुणी म्हणावं, हिला वांगं चालत नाही. मुलगी कागद चाळायला लागली. “पण काका, तुमच्या मुलीचा फोन आला होता ना? जोडप्यासाठी म्हणाल्या होत्या त्या. आईबाबांना दोघांनाही एकदम उत्तम दाखवा, आणि त्यांचं ऐकू नका, असंही म्हणाल्या.” हे हसले. “साहेबांचा फोन आला होता म्हणजे.” लेकीला हे साहेब म्हणतात. ती नऊ वर्षांची असल्यापासून. त्याआधी ती नुसती पोर होती.

मुलगी आपलं काम मन लावून करणारी होती. मला तशी माणसं आवडतात. कामात लक्ष असणं हाही एक नेमच. तिनं टेबलावरचा गादीचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. पांढरट पिवळा, टाचण्या टोचून काढल्यासारखी बारीक भोकं पडलेला, अंगाला हलका रबराचा वास. “हे लेटेक्स. झाडाच्या चिकाचं असतं. दाबा ना काकू.” मी अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला आणि अंगठा काढल्याबरोबर भरून आला. मग तिनं दुसरा तुकडा दाबून दाखवला, त्यात तिच्या चार बोटांची नक्षी तशीच राहिली आणि सावकाश, नाइलाजानं वर आली. “हा मेमरी फोम. हा लक्षात ठेवतो. लेटेक्स लगेच विसरतं.” “मग विसरणारी द्या,” हे छताकडे बघत म्हणाले. मुलगी हसली. मीही हसले. घरच्या गादीचा मला आठव झाला. कापसाची, दर दोन वर्षांनी पिंजून घेतलेली, आणि तरी दर वेळी एका कडेला ह्यांच्या अंगाचा खोलगट साचा पडलेली. बाकीचा अर्धा भाग नवाकोरा, फुगलेला. एवढी जागा मोकळी असून हे कधी मध्ये सरकले नाहीत. गादी पिंजणारा एकदा म्हणालासुद्धा, “काय हो, अर्ध्याच गादीचे पैसे दिले होते का?” मी ते ह्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारख्या गोष्टी मी वेळच्या वेळी कधीच सांगितल्या नाहीत.

चोवीस वर्षांपूर्वी, पोर नऊ वर्षांची असताना, एका दुपारी तिला ताप होता आणि मान वळत नव्हती. शेजारच्यांच्या फोनवरून मी ह्यांच्या कंपनीत फोन केला. हे लिफ्टचे मेकॅनिक. त्या वेळी शहरातल्या एका उंच ऑफिसात दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती आणि आत सहा माणसं होती. निरोप ह्यांना मिळाला. मिळाला हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण निरोप देणाऱ्यानंच नंतर मला तसं सांगितलं. हे आले संध्याकाळी, पाच तासांनी, हाताला ग्रीस तसंच. तोवर मी पोरीला खांद्यावर टाकून चार जिने उतरले होते. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. लिफ्टवाल्याच्याच घरची बंद, यावर शेजारीपाजारी हसायचे. उतरताना तिचं डोकं माझ्या मानेवर होतं आणि ते इतकं तापलेलं होतं की पुढं कित्येक दिवस मानेच्या त्या जागेवर मी गार हात ठेवून बसायची. दवाखान्यात हे आले तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. सहा माणसं होती. त्यांनाही घरं होती. मी होते म्हणून पोरीचं झालं, तिथं दुसरं कुणी नव्हतं. सगळं मला समजत होतं. फक्त त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घ्यायला हात पुढं केला तेव्हा मी ती दुसऱ्या हातात घेतली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ही अंथरुणातून उठेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मी बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिले. खाली एक माणूस मोटार धूत होता, फार निगुतीनं, एकेक चाक. त्याच्याकडे बघत मी देवाला म्हणाले, ती अंथरुणातून उठू दे, मी पलंगाला पाठ लावणार नाही. इतकंच. लग्नानंतर सहा वर्षांनी माझी कूस उजवली होती, तेव्हासुद्धा मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागणं मला जड जातं. पहिल्यांदाच मागितलं आणि घाईत मागितलं. बाराव्या दिवशी पोर उठून बसली, पंधराव्या दिवशी खाटेचा कठडा धरून चालली आणि नर्सला म्हणाली, तुमच्या चपला फार वाजतात. घरी आलो त्या दिवशी मी चटई काढून जमिनीवर पसरली. हे पलंगावर आधीच कडेला सरकून बसले होते, मला जागा करून. चटईकडे बघत राहिले. मी म्हटलं, “गादीवर पाठ दुखते माझी.” हे म्हणाले, “बरं.”

का खोटं बोलले? माझी आई म्हणायची, नेम आणि जखम झाकून ठेवावी, वारा लागला की बिघडतात. देवाशी बोललेलं माणसांत वाटलं की पातळ होतं, असं मी तिच्या पोटात असल्यापासून ऐकत आले असेन. माझे बाकीचे नेम ह्यांना माहीत आहेत, त्यांवर हे थट्टाही करतात. सकाळी दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही, तर हे मुद्दाम त्याच वेळी विचारणार, “हो ना? तुलाही तसंच वाटतं ना? मग ठरलं.” आठवड्यात एक दिवस मीठ नाही, तर त्या दिवशी मीठ मागताना म्हणणार, “तुझ्या वाटणीचं दे.” ते सगळे नेम उघड्यावरचे. हा एकच झाकलेला. लेक उठली होती. तिला पुन्हा काही व्हायला नको होतं. घेतला वसा टाकू नये, एवढं मला कळत होतं. पण वसा घेताना मुदत घालायची असते, महिना म्हणावं, वर्ष म्हणावं, पोर सोळाची होईपर्यंत म्हणावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नवस बोलतात म्हणतात. मी बोलले खरी, वाक्य पुरं करायचं राहिलं.

लेकीला मी तशीच आठवते, खालची. शाळेत एकदा तिनं घराचं चित्र काढलं होतं. पलंगावर बाबा, आणि पलंगाखाली एक आडवी रेघ, तिला दोन डोळे. “ही आई.” आम्ही किती हसलो होतो. चित्र दारामागे पुष्कळ दिवस चिकटवलेलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी केव्हातरी, दुपारची वेळ होती, सुट्टी असेल, मी चटईवर पडले होते आणि हे पलंगाच्या कडेला येऊन बसले. पाय खाली सोडले, माझ्या हातापासून इतक्या जवळ की त्यांच्या अंगठ्याचं फुटलेलं नख मला दिसत होतं. जरा वेळानं म्हणाले, “किती दिवस?” मला वाटलं पाठीचं विचारताहेत. खोट्याला खोटं जोडत जायचं म्हणजे आधी दिलेलं उत्तर लक्षात ठेवावं लागतं. मी म्हटलं, “बघू.” आणि मुदत खरंच मला ठाऊक नव्हती, त्यामुळे ते बघू म्हणणं मला त्या वेळी जवळजवळ खरं वाटलं होतं. हे उठले. पाय दिसेनासे झाले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. माणूस एकदाच विचारतो. दुसऱ्यांदा विचारायला त्याला वाटलं पाहिजे की पहिल्या वेळी समोरच्याला ऐकूच आलं नव्हतं.

“काकू, तुम्ही नुसतं पडून तर बघा,” मुलगी मला म्हणत होती. “पाठदुखीसाठीच असते ही. माझ्या आजीचं सांगते, दहा वर्षं खुर्चीत झोपायची, आता उठवावं लागतं तिला. आणि दोघांसाठी तर फारच छान, एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही.” “पत्ता लागत नाही?” ह्यांनी मान वळवून विचारलं. “अजिबात नाही काका. ग्लासभर पाणी ठेवून दाखवते हवं तर.” “नको,” हे म्हणाले. “पत्ताच लागायचा नसेल तर दोघांनी एका गादीवर झोपायचं कशाला?” मुलीला तो विनोद वाटला. ती हसत हसत ह्यांच्या शेजारची रिकामी बाजू थोपटायला लागली. पांढरी, सपाट, तिच्या तळव्याखाली दबणारी आणि लगेच वर येणारी. “या ना काकू. पाठ एकदा टेकवा, मग सांगा दुखते का.”

मी पर्स दोन्ही हातांनी धरून उभी होते. चोवीस वर्षं जे खोटं कापसाच्या गाद्यांनी सांभाळलं, ते आता ह्या विसरभोळ्या रबरानं उघडं पाडायला घेतलं होतं. जगात पाठ न दुखणाऱ्या गाद्या निघतील आणि एक गोड मुलगी मला त्यांवर बोलवेल, हे मी धरलंच नव्हतं. दुसरं काही सांगता आलं असतं. घाम येतो, वास सहन होत नाही, एक का दोन. पण ह्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. हे शेजारच्या जागेकडे बघत नव्हते. मुद्दाम छताकडे बघत होते, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर उभं असल्यावर माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात तसं. नकार ऐकायची तयारी करून ठेवलेला माणूस. “पाठ दुखत नाही माझी,” मी म्हटलं.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

“कधीच दुखली नाही.”

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. “मी पाणी आणते हं,” ती म्हणाली आणि पाणी समोरच असताना आत निघून गेली. देव तिचं भलं करो. मी शेजारी ठेवलेल्या स्टुलावर बसले. बूट काढून पाय वर करून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीचं ते बुटकं स्टूल. तिथं बसूनही मी पलंगावरच्या ह्यांच्यापेक्षा फारशी उंच नव्हते. मी सांगितलं. खिडकी, मोटार धुणारा माणूस, आणि ते वाक्य जसंच्या तसं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सांगायला किती वेळ लागतो? शेजारच्या विभागात एक बाई उशांची उंची विचारत होती, तिचं उशी निवडून व्हायच्या आत माझं सांगून झालं. हे ऐकत असताना मुलीनं मघाशी दिलेला पलंगाचा रिमोट त्यांच्या हातात होता आणि अंगठा नकळत कुठल्याशा बटणावर दाबला गेला असावा, कारण पलंगाचं डोकं हळूहळू वर यायला लागलं. मोटर अगदी बारीक गुणगुणत होती. त्या गुणगुणण्यासकट हे वर येत राहिले, आधी कपाळ, मग डोळे, आणि त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं तेव्हा अंगठा सुटला आणि पलंग थांबला. इतक्या जवळून ह्यांचे डोळे मी कधी बघितले होते शेवटचे? डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. तो मी विसरले होते.

“मला वाटलं, त्या दिवसाचं आहे,” हे म्हणाले.

“कोणत्या?”

“सहा जण अडकले होते तो.” थोडं थांबून म्हणाले, “निरोप मला अडीचलाच मिळाला होता. तुला सांगितलं नाही मी कधी. मी म्हटलं असतं तर दुसरा मेकॅनिक आला असता. तासाभरानं आला असता, पण आला असता. मला वाटलं, तापच आहे. वाटलं, तू आहेस.”

“मला माहीत होतं निरोपाचं.”

“हो ना? म्हणूनच म्हणतो. मला वाटलं, हिला माहीत आहे, आणि ही काही बोलणार नाही, तर अशी शिक्षा देणार.” आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या जुन्या यंत्रात काय बिघडलं होतं ते सांगताना ह्यांचा जसा आवाज असतो तसा होता. “रास्तच होती. एकदा विचारलंही तुला, किती दिवस म्हणून. तू म्हणालीस, बघू.”

“मला वाटलं, पाठीचं विचारताय.”

 तिथं, उजेडानं भरलेल्या त्या दुकानात, प्लास्टिकच्या वेष्टनातल्या गाद्यांमध्ये बसून मी स्वतःला ते विचारलं जे देवासमोर बसून कधी विचारलं नव्हतं. शिक्षा नव्हती, असं मी आत्ता शपथेवर सांगू शकते का? देवाला द्यायला माझ्याकडे पुष्कळ काही होतं. गोड सोडता आलं असतं, पायात चप्पल घातली नसती, केस कापले असते. पलंगच का सुचला मला? पोर अंथरुणाला खिळलेली म्हणून अंथरूण सुचलं, हे खरं. पण ती पाण्याची बाटली मी दुसऱ्या हातात घेतली होती, तेही खरं. नवसात कुठंतरी, मिठाच्या खड्याएवढा का होईना, राग विरघळला असेल. मिठाचं असं असतं की विरघळल्यावर ते दिसत नाही, पण सबंध भांडं त्याच्या चवीचं होतं. मी एक दिवस मीठ सोडत आले आणि तो एक खडा चोवीस वर्षं रोज खात आले. आणि ह्यांनाही वाढत आले.

“किती दिवसांचं बोलली होतीस?” ह्यांनी विचारलं. तोच प्रश्न, पण या वेळी मला तो नीट ऐकू आला.

“मुदत नाही घातली.”

हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग, शपथ सांगते, हसले. “अगं, लिफ्टवाल्याच्या घरात राहिलीस ना तू? वरच्या मजल्याच्या पुढं जाऊ नये म्हणून आधी लिमिट स्विच बसवतात. मग लिफ्ट सोडतात. तू आधी सोडलीस.” हसताना पाठीत कळ आली असावी, तोंड वेडंवाकडं झालं. मग हसू ओसरलं आणि ते गादीच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. लिफ्टची चौकट आणि मजला जिथं मिळतात तिथं ते असंच बोट फिरवून बघायचे. बोटभर वरखाली राहिलं तरी माणूस अडखळतो म्हणायचे. “सांगितलं असतंस तर मी खाली आलो असतो,” ते म्हणाले. “चटई मोठी आणली असती. त्यात काय होतं?” आणि जरा वेळानं, “तेव्हा पाठ चांगली होती माझी.”

हे मला कधी सुचलं नव्हतं. खरंच सांगते. मी वर जाऊ शकत नाही, एवढंच मी धरून बसले होते. ते खाली येऊ शकतात, हा विचार चोवीस वर्षांत एकदाही माझ्या मनाला शिवला नाही. ज्या माणसानं जन्मभर लोकांना वरखाली नेलं, तो दीड हात खाली आला नसता का? आता डॉक्टरांनी सांगितलंय, जमिनीवर बसायचं नाही, जमिनीवरून उठायचं नाही, कधीच नाही. माझ्या हातातला लेटेक्सचा तुकडा मी किती वेळ दाबून धरला होता कोण जाणे. सोडला तर लगेच भरून आला.

“मोडते मी नेम,” मी म्हटलं. “देव समजून घेईल.” उठले, पलंगाच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले, हातसुद्धा टेकवला.

“थांब,” हे म्हणाले. “मोडायचं नाही.”

“तुमचा कुठं विश्वास आहे?”

“माझा नाहीच. पण चालत्या मशीनला हात लावायचा नाही. पोरगी हिंडतेय, फिरतेय, आपल्यावर साहेबी करतेय. कशामुळं चाललंय ते मला माहीत नाही. मग मी कशाला कुठला स्क्रू काढू?” त्यांचा चेहरा त्या दवाखान्यातल्या संध्याकाळसारखा घाबरलेला होता. तेव्हा मी तो बघितला नव्हता. मी बाटलीकडे बघत होते. मी हात काढून घेतला. मग ह्यांनी विचारलं, “नेमकं काय बोललीस देवाला? शब्द सांग.”

“पलंगाला पाठ लावणार नाही.”

“पलंग म्हणालीस. गादी नाही म्हणालीस?”

मी आठवून बघितलं. “नाही.”

“म्हणजे एवढी वर्षं चटईची गरजच नव्हती,” हे म्हणाले. ते वाक्य थट्टेत निघालं आणि वाटेत थट्टा राहिलं नाही. पाण्याचे ग्लास घेऊन मुलगी परत आली. ह्यांनी खिशातली टेप काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशातून टेप गेलेली नाही. “सबंध पलंगच वरखाली होतो असा आहे ना तुमच्याकडं? किती खाली येतो?” मुलगी म्हणाली, आहे, आजारी माणसांचं करणाऱ्यांना वाकावं लागू नये म्हणून असतो तो, वर पुष्कळ जातो, खाली विचारत नाही सहसा कुणी. तिनं कोपऱ्यातल्या पलंगाचं बटण दाबून तो पार खाली आणला. हे टेप माझ्याकडे देऊन म्हणाले, “बघ गं, मला वाकता येत नाही.” मी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकले. फरशीपासून पलंगाच्या पाटापर्यंत नऊ इंच. टेप बाजूला ठेवून मी हात लावून बघितला. अंगठा फरशीवर, करंगळी पाटाला. बरोबर एक वीत.

“सारख्याच जाडीच्या दोन गाद्या द्या,” हे त्या मुलीला म्हणाले. “एक ह्या पलंगावरची. एक जमिनीवरची.” “जमिनीवर?” “हो. हिची बाजू ती.” मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि रकान्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल तिनं, ते बघायला हवं होतं.

चार दिवसांनी दुपारी माणसं येऊन पलंग जोडून गेली. जुना पलंग सोडवताना पाचवी फळी मी मागून घेतली. चौदाचा आकडा अजून आहे तिच्यावर. जुनी गादी त्यांनी दारातून उभी करून नेली तेव्हा तिचा तो अर्धा बसका, अर्धा फुगीर आकार जिन्यातल्या उजेडात असा दिसला की मी दार लोटून घेतलं. लेकीचा फोन आला. “दोघांसाठी घेतलंत ना?” “दोघांसाठी घेतलं,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. मग हे पलंगावर पडले, उशा लावून घेतल्या, आणि त्यांनी बटण दाबलं. पलंग गुणगुणत खाली आला आणि थांबला. ह्यांनी पुन्हा दाबलं. आणखी खाली येत नव्हता. “लेव्हलला लागत नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “असू दे.” मी माझ्या गादीवर आडवी झाले. चोवीस वर्षांनी अंगाखाली काहीतरी मऊ होतं आणि मला त्याचा आनंद होत नव्हता, लाज वाटत होती, एवढ्या उशिरा आल्याची. कुशीवर वळले. डोळ्यांसमोर फळ्या नव्हत्या. करड्या रंगाची लोखंडी पट्टी होती आणि तिच्या वर, एका वितीवर, गादीच्या कडेला ह्यांचा कोपर.

डोळे मिटून मी ऐकत राहिले. काही ऐकू येईना. करकर नाही, कुरकुर नाही. झोपले की जागे आहेत, डावीकडे आहेत की छताकडे, काहीच पत्ता नाही. दुकानातली मुलगी म्हणाली होती ते खरं होतं, इतकी चांगली गादी होती. इतक्या वर्षांत एवढं एकच माझ्याकडे होतं, तेही मी पैसे मोजून घालवलं, असं मनात आलं. मी गप्प पडून राहिले. गप्प पडून राहायचं मला छान जमतं.

“अगं,” वरून आवाज आला. “उजवीकडे वळलो मी.”

उजवीकडे म्हणजे माझ्याकडे. डॉक्टरांनी त्यांना डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय.

“बरं,” मी म्हटलं. आणि मग, ते पुरेसं नाही हे चोवीस वर्षांनी कळून, म्हटलं, “मी डावीकडे वळलेय.”